फटकळ निवेदक आणि सलूनमधला रेडिओ

रेडिओवरच्या एखाद्या तिखट जिभेच्या निवेदकाबद्दल सांगलीत कुणालाही मत विचारा, उत्तर एका शब्दात येतं. कुणी म्हणतो रोखठोक, कुणी म्हणतो लई आगाव. दोन्ही शब्द एकाच माणसासाठी, एकाच टपरीवर. वाहिनीवाले त्यावरून ठरवतात की मतं फाटलेली आहेत, म्हणजे चर्चा आहे, म्हणजे सगळं झकास. बहुतेक वेळा हे चुकतं. ऐकणारा आपली आवडनिवड सांगतच नसतो, निवेदकाची जीभ कुणाकडे वळलेली आहे ते तो सांगत असतो.

शब्द नीट ऐकले की हे कळतं. ‘परखड’ आणि ‘रोखठोक’ हे शब्द आपण वरच्याला बोलणाऱ्यासाठी राखून ठेवलेत. महापालिका, वीज कंपनी, ठेकेदार यांची हजेरी घेतली की माणूस परखड. ‘फटकळ’ माणसाचा तोंडावर ताबा नसतो, पण पोटात काही नसतं असं आपण धरून चालतो, म्हणून त्याला माफी असते. प्रत्येक घरात एक फटकळ आत्या असतेच आणि लग्नाला तिच्याशिवाय पान हलत नाही. ‘खवचट’ हसत हसत चिमटा काढतो, आणि तो चिमटा सहसा बरोबरीच्याला किंवा खालच्याला असतो. ‘आगाव’ म्हणजे माहिती नसताना किंवा समोरच्याचं वय न बघता बोलणारा. ‘उर्मट’ म्हणजे उत्तर द्यायला जागाच न ठेवणारा. आणि ‘तोंडाळ’ हा शब्द बाईसाठीच जास्त निघतो. पुरुष निवेदकाने म्हटली की रोखठोक ठरणारी वाक्यं निवेदिकेने म्हटली की ती तोंडाळ. श्रोत्यांची मतं गोळा करणाऱ्याने म्हणून कागदावर आवडतो, नावडतो असे रकाने पाडूच नयेत. माणसाने वापरलेला शब्द जसाच्या तसा टिपून घ्यावा. तीस माणसांचे तीस शब्द एकाखाली एक लिहिले की दुखणं कुठे आहे ते दिसायला लागतं.

अमेरिकेतला पट्टा आणि आपला पट्टा

भांडखोर बोलक्या रेडिओची मूळ गादी अमेरिकेत आहे. तिथे १९४९ पासून एक नियम होता, फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा. वादाचा सार्वजनिक विषय घ्यायचा आणि त्यात विरुद्ध बाजूही ऐकवायची, ही परवानाधारकाची जबाबदारी होती. ऑगस्ट १९८७ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने हा नियम काढून टाकला. बरोबर वर्षभराने, १ ऑगस्ट १९८८ ला, रश लिंबॉ या निवेदकाचा देशभर ऐकू जाणारा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत चालला. नुसत्या नियमामुळे हे झालं असं मात्र नाही. तोपर्यंत गाणी मध्यमलहरीवरून एफएमवर गेली होती. मध्यमलहरीवर एका केंद्राच्या वाट्याला येणारा पट्टा अरुंद असतो, त्यातून साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज धड पोचतो. एफएमवर पंधरा किलोहर्ट्झपर्यंत जातो. त्या अरुंद पट्ट्यात सतार मरते, माणसाचं बोलणं मात्र तग धरतं. मग रिकाम्या झालेल्या मध्यमलहरी केंद्रांवर विकायला उरलं काय, तर बोलणं. आणि तीन तास एकटा माणूस बोलणार तर त्याला तिखट-मीठ लावावंच लागतं.

आपल्याकडे यातलं काहीच घडलं नाही. मध्यमलहर सरकारच्याच हातात राहिली. सांगली आकाशवाणी १९६३ ची. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा इथल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. आकाशवाणीची प्रसारण संहिता वाचली तर तिखट निवेदकाच्या तोंडाला सगळीकडून टाके घातलेले दिसतील: मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर वा जमातीवर हल्ला नको, अश्लील आणि बदनामीकारक नको, कोर्टाचा अवमान नको, राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायव्यवस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, कुठल्या पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाने टीका नको. हीच संहिता खासगी एफएमलाही लागू आहे. वर आणखी एक कुलूप, स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी नाहीत. खासगी एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या, २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायला मुभा दिली, तेवढीच. ट्राय या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२३ मध्ये दर तासाला दहा मिनिटं स्वतःच्या बातम्या-घडामोडींना द्यावीत अशी शिफारस केली. या कुलपांच्या बरोबर उलट्या टोकाला सर्वोच्च न्यायालयाचा ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल आहे. त्यात न्या. पी. बी. सावंत यांनी रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं स्पष्ट म्हटलं होतं. मालमत्ता जनतेची, पण जनतेच्या निवेदकाने मंत्र्याचं नाव घ्यायचं नाही, अशी ही वाटणी.

परिणाम सरळ आहे. वर बोलता येत नाही म्हणून तिखटपणा खाली घसरतो. निवेदकाला ‘डॅशिंग’ तर राहायचंय, वाहिनीला तेच हवंय, मग जीभ चालते ती फोन करणाऱ्यावर, त्याच्या बोलीवर, ‘बकरा’ बनवलेल्या बिचाऱ्या दुकानदारावर, नाहीतर सासू-सुनेवर. जतच्या माणसाच्या कानडी वळणाला हसणं, माणच्या माणसाला ‘काय रं पाव्हणं’ म्हणून चिडवणं, हे संहितेच्या एकाही कलमात धड अडकत नाही. श्रोते रागावतात ते इथे. निवेदकाने खड्ड्यांवरून महापालिकेची बिनपाण्याची केली म्हणून कुणी रेडिओ बंद केलाय असं सहसा आढळत नाही.

मुंबईच्या रेडिओ निवेदिका मलिष्काचं प्रकरण याला चांगला दाखला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात तिने खड्ड्यांवरून मुंबई महापालिकेची खिल्ली उडवणारं विडंबन केलं. त्यानंतर महापालिकेचं पथक तिच्या घरी पोचलं आणि डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. नोटिशीने गाणं आणखी गाजलं. जीभ वरच्या दिशेला होती म्हणून लोकांनी ती उचलून धरली. याच्या विरुद्ध टोक सप्टेंबर २००७ चं. प्रशांत तमांग ‘इंडियन आयडॉल’ जिंकला आणि दिल्लीच्या एका निवेदकाने त्याच्या नेपाळी भाषक समाजाला चौकीदार ठरवणारी मल्लिनाथी केली. सिलिगुडीत हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली. एक वाक्य, तेही दीड हजार किलोमीटरवरच्या शहरात बोललेलं.

यंत्रच निवेदकाच्या बाजूने असतं

‘तो कुणाला बोलूच देत नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. त्यातला अर्धा दोष निवेदकाचा, उरलेला टेबलावरच्या यंत्रांचा. हा भाग श्रोत्यांना माहीत नसतो आणि वाहिनीवाले सांगत नाहीत.

फोनवरचा माणूस स्टुडिओत येतो तो टेलिफोन हायब्रिड नावाच्या डबीतून. फोनच्या साध्या लाइनीवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो, म्हणजे खर्जही नाही आणि वरचा कडकपणाही नाही. निवेदक मात्र चांगल्या माइकच्या चार बोटांवर ओठ ठेवून बोलतो. स्टुडिओतले एकाच दिशेने ऐकणारे माइक इतक्या जवळून खर्ज फुगवतात. त्यावर कॉम्प्रेसर बसतो, तो कुजबुज आणि ओरडणं एकाच पातळीला आणतो. शिवाय पुष्कळ हायब्रिडमध्ये अशी सोय असते की निवेदक बोलायला लागला की फोनवरच्याचा आवाज आपोआप खाली जातो. ती मुळात प्रतिध्वनी आणि शिट्टी टाळायला केलेली आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानाला काय जाणवतं? निवेदकाने नुसतं ‘अहो पण’ म्हटलं आणि समोरचा विरघळला. ही सेटिंग किती खोल ठेवायची ते तंत्रज्ञाच्या हातात असतं. ती थोडी सैल केली की तोच निवेदक, त्याच वाक्यांसह, पाव हिस्सा कमी उर्मट वाटतो. मध्यमलहरीवर निवेदकाचाही आवाज अरुंद होतो, दोघांतली दरी कमी ऐकू येते. जुन्या आकाशवाणीवर खडसावणंही सौम्य वाटायचं त्यामागे संस्काराबरोबर हेही एक कारण आहे.

दुसरी गोष्ट संकलनाची. खासगी एफएमवरचे बहुतेक फोन थेट नसतात. गाणं चालू असताना फोन घेतात, रेकॉर्ड करतात, तीस-चाळीस सेकंदांत कापून पुढच्या लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, लावतात. चार मिनिटांच्या बोलण्यात श्रोत्याने दोनदा चोख उत्तर दिलेलं असतं, पण वेळ वाचवायला कापलं जातं ते नेमकं तेच, कारण निवेदकाचा टोला ठेवायचा असतो. ज्याने फोन केला त्याला हे कळतं. तो घरी, गल्लीत सांगतो. एका कापलेल्या फोनमागे असे दहा-पंधरा नाराज कान तयार होतात आणि त्यांतला एकही वाहिनीला काही कळवत नाही.

खरोखर थेट फोन घ्यायचे तर आधी एका माणसाने फोन उचलून नाव, गाव, विषय विचारायचा, मगच पुढे जोडायचा. आणि मध्ये डिले हवा. परदेशात सात सेकंदांचा रिवाज रूढ झाला. बोलणं सात सेकंद उशिरा हवेत जातं. कुणी आईबहिणीवरून शिवी दिली की बटण दाबायचं, तेवढा तुकडा गळतो आणि कार्यक्रम थेट क्षणावर उडी मारतो. मग यंत्र बोलण्याला अगदी किंचित ताणत ताणत ती सात सेकंदं पुन्हा भरून काढतं. इथे गफलत ठरलेली असते: डिले पुरता भरायच्या आत दुसरी शिवी आली तर गाळायला काही शिल्लक नसतं. म्हणून एकदा बटण दाबलं की लगेच गाणं लावायचं, पुढचा फोन लगेच जोडायचा नाही. आणि फोन करणाऱ्याला घरातला रेडिओ बंद करायला सांगायचंच. नाहीतर तो स्वतःचाच सात सेकंदांपूर्वीचा आवाज ऐकून गडबडतो, अडखळतो, आणि निवेदक त्यावरून त्याची टर उडवतो.

साताऱ्यात एक वेगळीच भानगड आहे. एफएमच्या लहरी डोळ्याच्या रेषेत चालतात. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, बाजूला यवतेश्वरचा डोंगर. डोंगराआडच्या घरांत सरळ लहर आणि कड्यावर आपटून आलेली लहर दोन्ही पोचतात आणि त्यांची गल्लत होते. मग स, श, च हे वर्ण फाटतात, आवाज खरखरीत होतो. असा श्रोता ‘तो लई किंचाळतो’ म्हणतो तेव्हा ती निवेदकाची समीक्षा समजू नये. संच स्टीरिओवरून मोनोवर टाकायला सांगावा, एरिअल हातभर हलवायला सांगावी, मग परत विचारावं.

एक तास मोजायचा कसा

निवेदक खरंच आडवा बोलतो का, हे वादाने ठरत नाही. मोजावं लागतं, आणि मोजायला एक रेडिओ, एक फोन आणि एक वही पुरते. रोज तोच तास, पाच दिवस, त्यात शनिवार धरावा कारण शनिवारी निवेदक सैल सुटतो. रेडिओशेजारी फोन ठेवून रेकॉर्ड करा. जाहिराती आणि गाणी सोडून द्या. वहीत प्रत्येक फोनला एक ओळ: किती वाजता, फोनवरचा किती सेकंद बोलला, निवेदक किती सेकंद बोलला, किती वेळा वाक्य तोडलं, शेवटचं वाक्य कुणाचं, आणि टोला कुणाला होता.

वाक्य तोडणं म्हणजे काय हे आधी ठरवून घ्या. ‘हं’, ‘बरोबर’, ‘अरे वा’ हे तोडणं नव्हे, ते हुंकार आहेत; हुंकार नसलेला निवेदक उलट तुसडा वाटतो. समोरच्याचं क्रियापद यायच्या आत निवेदकाचं वाक्य सुरू झालं की एक खूण. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘मी काल महापालिकेत जाऊन साहेबांना’ एवढ्यावर तोडलं तर माणसाने साहेबांना काय केलं ते कधीच कळत नाही. हार घातला की शिवी दिली! आपल्या भाषेत मध्येच बोलणं जास्त जिव्हारी लागतं ते यामुळेच.

टोल्याचा रकाना सगळ्यात कामाचा. तिथे चारच अक्षरं लिहायची: व म्हणजे वरच्याला, ब म्हणजे बरोबरीच्याला, ख म्हणजे खालच्याला, स म्हणजे स्वतःलाच. पाच दिवसांच्या बेरजेत ‘ख’ जास्त निघाला तर निवेदक कितीही लोकप्रिय असो, तो उसनवारीवर जगतोय. ‘स’ अजिबात नसेल तर तेही वाईट. बतावणीतला सोंगाड्या राजाला टोमणा मारायच्या आधी स्वतःची फजिती करून घेतो. आपल्या लोकांचा कान त्या हिशेबावर वाढलेला आहे आणि नाटकाच्या सांगलीत तर फारच.

चुका कुठे होतात? एकाच माणसाने मोजलं की होतात. निवेदक न आवडणाऱ्याला प्रत्येक हुंकार आडवा वाटतो, चाहत्याला शिवीसुद्धा प्रेमाची. म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि खुणा ताडून बघायच्या. फरक फार आला तर व्याख्या ढिली आहे असं समजून पहिला दिवस पुन्हा मोजायचा.

कुणाला विचारायचं

वाहिनीच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर येणारे आवाज-संदेश म्हणजे श्रोत्यांचं मत नव्हे. तिथे दोनच जातीचे लोक येतात, भक्त आणि चिडलेले. मधला मोठा घोळका मुका असतो. मोठ्या शहरांत मोजणीची काहीतरी सोय झाली होती. टॅम या मोजणी करणाऱ्या कंपनीची रॅम नावाची पद्धत २००७ मध्ये आली, निवडक घरांतल्या लोकांनी रोज काय ऐकलं ते डायरीत लिहायचं. पण ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता या चारच ठिकाणी. सांगलीच्या वाट्याला मोजपट्टी आलीच नाही. इथे निवेदक चालतो की नाही ते जाहिरातदाराच्या फोनवरून ठरतं.

म्हणून स्वतः फिरावं लागतं. मार्केट यार्ड, गणपती पेठेतली दुकानं, विश्रामबागेतली सलून, शिंप्यांची दुकानं, कुपवाड एमआयडीसीच्या गेटजवळच्या टपऱ्या. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या रिक्षा आणि राजवाड्याकडचे गाडेवाले. विट्याच्या यंत्रमागांवर जाऊ नका, त्या खडखडाटात रेडिओ काय, शेजारचा माणूस ऐकू येत नाही. सलूनमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे रेडिओ कारागिराच्या हातात असतो आणि ऐकतो गिऱ्हाईक, गळ्याला टॉवेल आणि गालाला वस्तरा लागलेला. त्याला निवेदक कितीही डोक्यात गेला तरी तो बटणापर्यंत पोचत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: रेडिओ लावतं कोण? लावणारा आणि ऐकणारा यांची उत्तरं वेगळ्या पानांवर लिहा. आमच्या मते निम्मा गोंधळ एवढ्याने मिटतो.

‘हा निवेदक तुम्हाला कसा वाटतो’ असं विचारलं की माणूस सभ्य उत्तर देतो. त्याऐवजी काल काय म्हणाला ते आठवतंय का, असं विचारा. आठवत नसेल तर तो ऐकत नाही, आवाज घरात राहू देतो. मग, शेवटची वाहिनी कधी बदललीत आणि तेव्हा काय चाललं होतं? सासरे किंवा मुलं खोलीत असताना चालू ठेवता का? आणि सगळ्यात शेवटी, तुम्ही स्वतः त्याला फोन कराल का? या प्रश्नावर खरी मतं बाहेर पडतात. पुष्कळ जण म्हणतात, ऐकायला भारी आहे, पण आपण नाही बाबा फोन करणार. म्हणजे दुसऱ्याची फजिती चाललेली बघायला मजा येते, स्वतःची नको. बायका आणि साठीच्या पुढची माणसं हे जास्त म्हणत असतील तर त्या कार्यक्रमाला काही महिन्यांत तेच ते पंधरा-वीस तरुण फोन करत राहणार, आणि निवेदकाला वाटत राहणार की आख्खा जिल्हा आपल्याबरोबर आहे.

चिडूनही लोक ऐकतात, हे खरंच. अमेरिकेच्या मोजणीत बरीच वर्षं पंधरा मिनिटांच्या खणात पाच मिनिटं ऐकलं तरी तो खण पूर्ण धरायचे. तो माणूस हसत होता की दात-ओठ खात होता हे आकड्यात दिसत नाही. जाहिरातदाराला मात्र कधीतरी दिसतं. अमेरिकन निवेदक डॉन आयमसने ४ एप्रिल २००७ रोजी एका विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाबद्दल वर्णद्वेषी, बाईपणाचा अपमान करणारे शब्द वापरले. जाहिराती निघू लागल्या आणि १२ तारखेला सीबीएसने त्याला काढलं. डिसेंबरात तो दुसऱ्या केंद्रावर परत बोलत होता. ऑस्ट्रेलियात निवेदक ॲलन जोन्सने २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांच्याबद्दल हिंसक भाषा वापरली, तेव्हाही आधी हलले ते जाहिरातदारच.

ऑस्ट्रेलियाचंच आणखी एक प्रकरण सांगलीकरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९९ मध्ये तिथे चौकशी झाली. जॉन लॉज हा रोखठोक म्हणून गाजलेला निवेदक बँकांना सतत झोडपायचा. बँकांच्या संघटनेशी त्याचा पैशाचा करार झाला आणि झोडपणं थांबलं, कौतुक सुरू झालं. श्रोत्यांना करार माहीत नव्हता. तेव्हा आपल्या परखड निवेदकाची परीक्षा तो कुणावर बोलतो यावरून करू नका. कुणावर कधीच बोलत नाही ती यादी काढा, आणि त्याच तासातल्या जाहिरातींची यादी शेजारी ठेवा. खड्ड्यांवर तोंडसुख घेणारा निवेदक पार्किंग गिळलेल्या व्यापारी संकुलावर गप्प का, हे मग विचारावं लागत नाही.

पुराच्या दिवसांत

एक अपवाद. कृष्णेला पाणी चढलं की इथल्या श्रोत्यांना कडक निवेदक हवा असतो. आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी पुलावर सेल्फी काढायला जाणाऱ्यांना निवेदकाने झापलं तर ‘बरं झालं’ म्हणणारेच भेटतात. पण त्या दिवसांत त्याने आकडा सांगण्याची शिस्त पाळावी लागते: किती फूट, किती वाजताची नोंद, कुणी दिलेली, आणि तेच पुन्हा एकदा. नैसर्गिक आपत्तीची माहिती खासगी एफएमलाही देता येते, ती स्थानिक प्रशासनाने पुरवलेली असली पाहिजे एवढी अट. ‘म्हणे कोयनेतून एवढं सोडलंय’ हे वाक्य माइकवर येता कामा नये. कोयनेचं पाणी सांगलीत पोचायला तास लागतात, अफवा तेवढी थांबत नाही. फोन करणारा सांगत असेल की अमुक गल्लीत पाणी शिरलं, तर ते आधी वॉर्ड कार्यालयाकडून पडताळून मग सांगायचं. आणि पाण्यावर विनोद अजिबात नाही. एरवी निवेदकाला सगळं माफ करणारी माणसंसुद्धा पुरातला एक विनोद वर्षानुवर्षं धरून ठेवतात.

तक्रार करायची तर

‘तुमचा निवेदक फार बोलतो, त्याला आवरा’ अशा पत्राचं कुणी काही करत नाही. तारीख, वेळ मिनिटापर्यंत, वाहिनीची कंप्रता, कार्यक्रमाचं नाव आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, एवढं लिहा. नेमकी हरकत एका ओळीत: बोलीवरून हिणवलं, जातीचा उल्लेख केला, परवानगी नसताना माझा आवाज लावला. राग दुसऱ्या परिच्छेदात काढा किंवा काढूच नका. पत्र आधी केंद्रप्रमुखाला, आणि प्रत स्वतःकडे. आकाशवाणीबद्दल असेल आणि दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार संकेतस्थळावर टाकता येते. खासगी वाहिनीचा परवाना माहिती व प्रसारण मंत्रालयाचा असतो, संहिता मोडल्याची तक्रार तिकडे जाते. एखाद्या व्यक्तीची बदनामी झाली असेल तर तो रस्ता वेगळा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन समाजांत तेढ लावणारं बोलणं असेल तर कलम १९६. पण वकिलाशी बोलल्याशिवाय कलमं फेकू नका, निवेदक त्याचाही कार्यक्रम करतो.

म्हसवडची माणदेशी तरंग किंवा जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी ही सामुदायिक केंद्रं असल्यामुळे तिथे काम सोपं आहे. अशा केंद्राचा निम्मा तरी कार्यक्रम त्याच भागातल्या लोकांनी केलेला असावा लागतो, त्यामुळे निवेदक बाजाराच्या दिवशी समोर भेटतो. खालच्याला टोला मारून तो त्या बाजारात भाजी घेऊ शकत नाही. सामुदायिक केंद्रांना प्रसारित कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, म्हणून तक्रार त्या मुदतीत करायची आणि पत्रातच लिहायचं की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं रेकॉर्डिंग पुसू नये.